वैयक्तिक कारण

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात विद्यार्थी विभागात मला नोकरी लागली, तेव्हा घरच्यांना पहिला प्रश्न पडला तो हा, की या विभागात नेमकं करतात तरी काय. वडिलांचं चौसाळ्यात हायवेला लागून पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान. ते गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगायचे, "पोरगी कॉलेजात लागली." गिऱ्हाईक विचारायचं, "शिकवायला का?" "न्हाई, हापिसात." मग दोघंही पुन्हा पाइपाच्या इंचांवर यायचे.

खरं म्हणजे मलाही नीट ठाऊक नव्हतं. गणितात एम.एस्सी. झालेली, बीडला तीन वर्षं खाजगी क्लासमध्ये शिकवलेलं. बोनाफाईड, टीसी, परीक्षेचे फॉर्म, हॉस्टेलच्या तक्रारी, आजारी पडलेली मुलं, पालकांचे फोन, एवढं सगळं त्या एका विभागाच्या दारातून आत येतं, हे मला रुजू झाल्यावर कळलं.

दुसऱ्याच आठवड्यात आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. आसपासच्या कॉलेजांत नव्यानं लागलेले आम्ही वीसेक जण. प्रशिक्षक बाहेरगावाहून आलेले, हसतमुख, हातात माईक घेऊन सगळ्या सभागृहात फिरणारे. विद्यार्थ्याशी कसं बोलावं, रागावलेल्या पालकाला कसं शांत करावं, हे त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. शेवटच्या दिवशी एक खेळ घेतला. एकानं विद्यार्थी व्हायचं, दुसऱ्यानं कर्मचारी, आणि तक्रार कमीत कमी वेळात सोडवायची. मी पहिली आले. टाळ्या वाजल्या. चौसाळ्याला फोन करून मी आईला ते दोनदा सांगितलं.

कॉलेजात परतले तर माझी गाठ आपांशी पडली. आपा म्हणजे आमच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या बाई. मोंढ्याच्या बाजाराजवळ त्यांच्या घरच्यांचा फळांचा व्यापार. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणायचे. त्यांनी मला खिडकीवर बसवलंच नाही. स्वतःच्या शेजारी एक स्टूल ठेवलं आणि म्हणाल्या, "आठ दिवस नुसतं बघ बेटा. हात लावू नको कशाला."

मला राग आला. मी खेळात पहिली आलेली आणि मला स्टुलावर! आपांचं काम बघून तर आणखीच जीव वर-खाली व्हायचा. मुलगा बोनाफाईड मागायला आला की त्या मान वर करून त्याच्याकडे बघायच्या, गाव विचारायच्या, जेवलास का विचारायच्या, मग कुठं कागद हातात घ्यायच्या. खिडकीसमोरची रांग दुपारपर्यंत हलायची नाही. मी मनातल्या मनात हिशेब मांडायचे, की एवढ्या वेळात मी तिघांना मोकळं केलं असतं.

डिसेंबरात आपांच्या पुतणीचं लग्न परभणीला होतं. त्या चार दिवस रजेवर गेल्या आणि खिडकी माझ्याकडे आली. मी कंबर कसली. सगळे फॉर्म गठ्ठ्यांनी लावले, शिक्के हाताशी ठेवले, आणि बारा वाजायच्या आत रांग संपवून दाखवली. शेजारच्या टेबलावरचे लेखापाल म्हणाले, "मॅडम, तुमी तर मशीनच हाव!" मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यातल्याच एका सकाळी एक मुलगी टीसी मागायला आली. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. थंडीमुळं ओढणी डोक्यावरून कानाभोवती घट्ट गुंडाळलेली. ग्रंथालयाची, हॉस्टेलची, प्रयोगशाळेची, सगळी सही-शिक्क्याची कागदं तिनं आधीच गोळा करून आणलेली. आमच्या खिडकीला तेव्हा काच होती, खाली हात जाईल एवढी फट. तिनं अर्ज फटीतून आत सरकवला. मी संगणकावर तिचा नोंदणी क्रमांक टाकत, मान खालीच ठेवून विचारलं, "कारण?"

ती काही बोलली नाही.

"कॉलेज सोडायचं कारण काय?" मी जरा जोरात म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

मागची मुलं हसली. मी वैतागले. "हो काय, हो? कारण विचारतेय मी." तिनं मागं वळून बघितलं, पुन्हा काचेला तोंड लावल्यासारखी पुढं झुकली. तिच्या मागं पंधरा जण उभे होते. मी रकान्यात टाइप केलं, 'वैयक्तिक कारण'. दुपारी सही होऊन टीसी तयार झाला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि गेली.

आपा परतल्या त्या लग्नातले बुंदीचे लाडू घेऊन. सगळ्यांना वाटून झाल्यावर त्यांनी टीसीचं रजिस्टर ओढलं. रोज सकाळी त्या ते रजिस्टर वाचायच्या, लोक पेपर वाचतात तसं. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही पोरगी डिसेंबरात का म्हणून गेली?"

"वैयक्तिक कारण आहे आपा. लिहिलंय तिथं."

"लिहिलंय ते दिसतंय. तिनं सांगितलं, का तू लिहिलं?"

माझ्या तोंडात लाडू होता. तो गिळेपर्यंत मला वेळ मिळाला, पण उत्तर बदलण्यासारखं नव्हतं. "मी लिहिलं," मी म्हणाले.

आपा रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी मुलीच्या अर्जावरचा आईचा नंबर काढला आणि फोन लावला. "दिंद्रुडहून का? कॉलेजातून बोलते. पोरगी घरी हाय का?" पलीकडून आई म्हणाली, "हाय की. सुट्ट्या लागल्यात न्हवं का?" आपा म्हणाल्या, "बरं बरं, सहज फोन केला," आणि ठेवून दिला. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "घरी माहीतच न्हाई. रविवारी जायचं."

"कुणी?"

"मी आणि तू. आणखी कोण?"

मला म्हणावंसं वाटलं, की आपा, हे प्रशिक्षणात नव्हतं.

रविवारी आम्ही परळीला बस बदलून दिंद्रुडला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, बायका कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस भरत शेतातून सरकत चाललेल्या. आपांनी पिशवीत चार डाळिंबं घेतली होती. "रिकाम्या हातानं गेलं की लोकांना वाटतं, चौकशीला आलेत," त्या म्हणाल्या. मी खिडकीशी बसून होते. काय बोलायचं, याची मनात तयारी करत होते आणि पहिल्या वाक्याच्या पुढं जाता येत नव्हतं.

विचारत विचारत घर सापडलं. पण दाराशी पोचतो न पोचतो तोच आतून बाईमाणसाचं जोरजोरात ओरडणं ऐकू आलं. त्यावर एक म्हातारा आवाज तेवढ्याच जोरात ओरडला. मी आपांचा हात धरला. "भांडण चाललंय. परत जाऊ या का?" आपांनी कान देऊन ऐकलं आणि हसायला लागल्या. "च्या पाहिजे का म्हणून विचारतीय ती."

खरंच तसं होतं. मुलीची आई सासऱ्यांना चहाचं विचारत होती. म्हाताऱ्याला अजिबात ऐकू येत नव्हतं. पुढच्या खोलीत पांढराशुभ्र कापूस छातीएवढा रचलेला, त्याला टेकून ते बसलेले. मुलीचे वडील कारखान्यावर उसाच्या वाहतुकीला गेलेले. आम्हाला बघताच मुलगी जागच्या जागी उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आपांनी टीसीचं नावसुद्धा काढलं नाही. "इकडं काम निघालं होतं, म्हटलं डोकावून जावं," एवढंच म्हणून त्या कापसाशेजारी मांडी घालून बसल्या, डाळिंबं आईच्या हातात दिली आणि कापसाच्या भावाची, पाण्याची, वेचणीची चौकशी करू लागल्या.

चहा आला. मुलगी माझ्यासमोर बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी कपात फुंकर मारता मारता विचारलं, "हॉस्टेलला थंडी असते का गं?"

"केमिस्ट्री, मॅडम," ती म्हणाली.

मी मान वर केली. तिचे डोळे माझ्या ओठांवर खिळले होते. त्याच वेळी आतून आई ओरडली, "साखर ने गं!" आणि ती झटकन उठून गेली. परत आली तेव्हा मी तिच्याकडे नीट बघत, सावकाश, तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"लई थंडी असते," ती म्हणाली.

माझे कान गरम झाले. खिडकीची काच, कानाभोवतीची ओढणी, माझी खाली घातलेली मान, मागच्या मुलांचं हसणं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मी तिला म्हटलं, चल, तुमचं घर दाखव. मागच्या बाजूला पाण्याचा हौद होता, तिथं आम्ही दोघी आलो. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "तुला ऐकायला कमी येतं ना?"

तिनं वळून दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "आईला सांगू नका."

तिनं सांगितलं ते असं. बारावीपासून आवाज पुसट व्हायला लागलेले. वर्गात सर फळ्याकडे वळले की काहीच कळायचं नाही. मैत्रिणींच्या वह्या उतरवून पहिलं वर्ष तिनं चांगल्या मार्कांनी काढलं. पण यंदा केमिस्ट्रीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी एक विचारलं आणि तिनं दुसरंच उत्तर दिलं. सरांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा भलतंच सांगितलं. सर हसले, मग बॅचमधली सगळी हसली. "मला उत्तर येत होतं मॅडम," ती म्हणाली. "प्रश्नच आला न्हाई माझ्यापर्यंत."

"मग घरी का नाही सांगितलंस?"

"गावात आमच्या घराला बहिऱ्याचं घर म्हणत्यात. आज्याला कुणी नावानं बोलवत न्हाई. मला पण तसंच म्हणतील."

मी तिला म्हटलं, "टीसीवरचं कारण मी लिहिलं. तुला न विचारता लिहिलं. माझं चुकलं."

त्यावर ती चक्क हसली. "बरं झालं मॅडम, तुमीच लिहिलं. मला तर काय लिहावं ते सुचतच नव्हतं."

हे ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

आईला तिनं स्वतःच सांगितलं, आपांचा हात धरून. टीसीचंही सांगितलं. आईचा विश्वास बसेना. "खोटं हाय हे. घरात तर समदं ऐकती पोरगी. हाक मारली की पळत येती." एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांनी कापसाला टेकलेल्या सासऱ्यांकडे बघितलं, मग मुलीकडे. चहाची बशी त्यांच्या हातात तशीच राहिली. "आमी समदे वरडूनच बोलतो, ताई," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मामंजींमुळं."

"काय झालं? काय म्हणत्यात पाव्हण्या?" म्हातारबाबा ओरडले.

"काय न्हाई! च्या पित्यात!" आई ओरडली, आणि ओरडता ओरडता त्यांचे डोळे भरून आले.

पुढच्या आठवड्यात मायलेकी अंबाजोगाईला आल्या. आधी आम्ही प्राचार्य सरांकडे गेलो. टीसी दुसरीकडं कुठं दिलेला नव्हता, त्यामुळं तो रद्द करता येईल, असं आपांनी नियम दाखवून सांगितलं. सरांनी चष्मा वर करून नियम वाचला, मग मुलीकडे बघून तिला समजेल असं सावकाश विचारलं, "शिकायचंय ना?" ती म्हणाली, "हो सर." या वेळचं 'हो' बरोबर जागी होतं. रजिस्टरातली ती ओळ लाल शाईनं रद्द झाली. रद्द करण्याचं कारण लिहायचं होतं. मी पेन हातात धरून तिला विचारलं, "काय लिहू?" तिनं थोडा विचार केला. "लिहा, वर्गात ऐकू येत नव्हतं."

तिथून सरकारी दवाखान्यात. कानाच्या तपासणीची खोली छोटी, भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं. ती कानांवर हेडफोन लावून आत बसली, आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर काचेतून आम्ही तिघी तिचं बोट बघत होतो. बराच वेळ ते हलायचं नाही, आणि मग एकदम दाबलं जायचं. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, पण मशीननं चांगला फरक पडेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. घराण्यात कुणाला आहे का, असंही विचारलं. त्यामुळं पुढच्या खेपेला म्हातारबाबांनाही फेटा बांधून आणलं गेलं. त्यांची तपासणी झाली, आणि मशीन लावू या म्हटल्यावर त्यांनी सबंध दवाखान्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "मला नको! आता शांत वाटतंय!"

कानाचं मशीन यायला काही महिने लागले. तोवर मी तिच्या एकेका प्राध्यापकाला जाऊन भेटले. तिला पहिल्या बाकावर बसवा, बोलताना तिच्याकडे तोंड ठेवा, तोंडी परीक्षेत प्रश्न लिहून दाखवा. बहुतेकांनी लगेच मान्य केलं. एक ज्येष्ठ सर म्हणाले, "मॅडम, मी उभा जन्म फळ्याकडं बघून शिकवलंय. आता कसं वळू?" पण वळले. महिन्याभरानं भेटले तेव्हा मिश्कीलपणे म्हणाले, "वर्गात अर्धी पोरं झोपतात हे मला आत्ता कळलं."

मशीन बसवल्यावर पहिले आठ दिवस ती वैतागलेली होती. मेसमध्ये ताटं आपटतात ते सहन होत नाही, म्हणायची. ग्रंथालयाचा पंखा एवढा करकरतो हे कुणी सांगितलं कसं नाही? हॉस्टेलची मैत्रीण घोरते. एकेक तक्रार घेऊन ती आमच्या खिडकीशी यायची. काच तोवर मी प्राचार्य सरांना विनंती करून काढायला लावली होती, त्यामुळं तिच्या तक्रारी सगळ्या विभागाला पुरायच्या. आपा मान डोलावत ऐकायच्या आणि ती गेली की म्हणायच्या, "लई बोलती आता. चांगलं हाय."

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी हॉल तिकिटावर तिच्या वडिलांच्या नावात चूक झाली, माझ्याच हातून. ती तणतणत आली. "मॅडम, तीन वेळा लिहून दिलं होतं मी!" मी म्हटलं, "दुरुस्त करते ना." "आत्ता करा. नंतर म्हणता आणि इसरता." रांगेतली मुलं बघत होती. आपांनी पदराआड तोंड लपवलं. मी निमूटपणे दुरुस्ती करून दिली. एखाद्या विद्यार्थिनीचं बोलणं खाऊन मला इतकं बरं वाटलं, असं आधी कधी झालं नव्हतं. दुसरं वर्ष ती पास झाली. केमिस्ट्रीच्या तोंडी परीक्षेत तिला सगळ्यात जास्त मार्क होते, ते दाखवायला ती मुद्दाम आली.

पुढच्या वर्षी नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात एक सकाळ मला दिली गेली. तेच प्रशिक्षक, तोच माईक. काय शिकवायचं ते मला सुचेना. आपांना विचारलं तर म्हणाल्या, "तुला काय कळलं नव्हतं, ते सांग." मी पडद्यावर काहीच दाखवलं नाही. त्या पंधरा-सोळा जणांना आमच्या कॉलेजात आणलं आणि सांगितलं, ओळख न देता रांगेत उभे राहा, बोनाफाईड मागा, बारा वाजता इथंच भेटू. प्रशिक्षक जरा साशंक होते, पण मग स्वतःच रांगेत जाऊन उभे राहिले.

बारा वाजता सगळे घामाघूम होऊन परतले. एकेक जण सांगू लागला. डोक्यावर ऊन. कुठली खिडकी कशाची ते कळत नाही. पाटीवरचं अक्षर बारीक. पुढं गेल्यावर कळतं की झेरॉक्स लागते, आणि झेरॉक्सचं दुकान गेटाबाहेर. केजहून आलेली एक नवी कर्मचारी म्हणाली, "माझा नंबर आला आणि मी काय मागायला आले तेच विसरले. भीतीच वाटली." शेजारचे सगळे हसले, मग दोघं-तिघं म्हणाले, आम्हालाही वाटली. मी ते सगळं फळ्यावर लिहून घेतलं. दिंद्रुडची गोष्ट सांगितली, मुलीचं काही ओळखू येणार नाही अशी. मी रकान्यात काय टाइप केलं होतं तेही सांगितलं.

त्या यादीतलं बरंचसं पुढं झालं. पाटी मोठी झाली. झेरॉक्सचं मशीन आत आलं. उन्हाळ्याआधी रांगेवर पत्र्याची शेड उभी राहिली आणि खाली सिमेंटचे दोन बाक.

आपा आता निवृत्त झाल्यात, पण मोंढ्यातून घरी जाताना कधी कधी येतात. विभागात एक नवा मुलगा लागलाय, भारी हुशार, बोटं संगणकावर भराभरा चालतात. त्याला मी शेजारी बसवलंय. परवा त्यानं चिडून विचारलं, "मॅडम, आठ दिवस नुसतं बघायचं म्हणजे काय बघायचं?" आपा तेव्हा समोरच बसल्या होत्या, मोसंबी सोलत. मी काही बोलायच्या आत त्यांनी एक फोड त्याच्या हातावर ठेवली आणि खिडकीकडं बोट केलं. बाहेर एक बाप आपल्या मुलीला घेऊन उभा होता, हातात कागदांची पिशवी, कुणाशी बोलावं ते न कळून. नवा मुलगा फोड तोंडात टाकून उठला आणि "या काका, काय काम हाय?" म्हणत खिडकीशी गेला.